आत्तीचा हेवा

दीपमालानं रिपोर्ट दोनदा वाचला, त्याची घडी घातली आणि तो डब्याच्या पिशवीत ठेवून दिला. लॅबबाहेर तपासणीसाठी रक्त द्यायला आलेल्यांची रांग होती. तिनं पुढच्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, रक्त काढलं. हात नेहमीसारखेच चालले.

रिपोर्ट पूजाचा होता, तिच्या धाकट्या भावाच्या मुलीचा. वय नऊ. दीपमालाला साखर झाली तेव्हा तीही नऊचीच होती. तेव्हापासून पंचवीस वर्षं ती दिवसातून चार वेळा इन्सुलिनची सुई घेत आली होती. अशा घरातल्या मुलांची आता आधीच तपासणी करतात, म्हणून दिवाळीला गावी, रहिमतपूरला गेली असताना तिनंच पूजाचं रक्त काढून आणलं होतं. पूजा धडधाकट होती. दिवसभर उसाच्या बांधावरून पळायची. पण रक्तात पुढच्या आजाराच्या खुणा सापडल्या होत्या. साखर अजून झाली नव्हती, होणार होती.

सोबत डॉक्टरांची चिठ्ठी होती. एका नव्या औषधाचा अभ्यास सांगलीत, ती काम करायची त्याच दवाखान्यात सुरू झाला होता. चौदा दिवस, रोज सलाईनमधून. त्यानं आजार बरा होत नाही, पुढं ढकलला जातो. कुणाचा दोन वर्षं, कुणाचा जास्त. तेवढ्यात आणखी काही निघेल, कुणी सांगावं. ही मुलगी त्यात बसते, लवकर कळवा, असं त्यांनी लिहिलं होतं.

चार दिवस तिनं कुणालाच कळवलं नाही. एकदा खात्री करून घेऊ, असं ती मनाशी म्हणत राहिली. खात्री करण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार होतं? पाचव्या दिवशी डबा घासताना पिशवीतला कागद ओला झालेला दिसला. तिनं तो गॅसच्या शेगडीजवळ वाळत ठेवला आणि भावाला फोन लावला. दिग्विजय फौजेत होता, जम्मूकडं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला,

"आक्का, तू हायस म्हणून पोरगी वाचली बघ."

"वाचली कुठं? पुढं ढकललंय नुसतं."

"तुला तेवढं तरी कुणी दिलं हुतं का?"

त्यानं ते सरळ मनानंच विचारलं होतं. रेंज नाही, असं सांगून तिनं फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात भावजय राणी, पूजा आणि आई शालूबाई सांगलीजवळच्या माधवनगरला तिच्या खोलीवर राहायला आल्या. सहा वर्षं दीपमाला या खोलीत राहत होती. आई एकदाही मुक्कामाला आली नव्हती. कधी म्हशीचं निमित्त, कधी गुडघ्याचं. आता म्हैस शेजाऱ्यांकडं सोपवली होती आणि गुडघे दोन जिने चढून आले होते. येताना तिनं नवी गोधडी आणली, लसणाची चटणी आणली, घरचं तूप आणलं.

"दवाखान्यात एशी असतोय म्हणं. पोरीला गारठा लागंल," शालूबाई म्हणाली.

पलंगावर पूजा आणि आजी झोपल्या. राणीनं खाली अंथरलं. दीपमालानं स्वयंपाकाच्या ओट्याजवळ चटई टाकली. पहिलं सलाईन झाल्याच्या दुसऱ्या सकाळी तिला जाग आली तेव्हा आई पूजाच्या हाताची सुई लागलेली जागा बोटानं चोळत होती आणि हळूच फुंकर घालत होती. दीपमाला उठून न्हाणीत गेली. तिथंच उभ्यानं तिनं स्वतःची सुई घेतली. बाहेर घेतली असती तर आईनं तोंड खिडकीकडं फिरवलं असतं. दीपमालाच्या लहानपणापासून आई तसंच करायची.

पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी पूजाला ताप भरला, दोन्ही हातांवर लाल पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले, या औषधानं असं होतं, उतरेल. पण पूजा बिथरली. दुपारच्या सुट्टीत दीपमाला डबा घेऊन वॉर्डात पोचली, तेव्हा पूजानं दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. सिस्टर सलाईन घेऊन उभी होती.

"फार वेळ थांबता येणार नाही हो. तयार केलेलं औषध ठेवता येत नाही," सिस्टर म्हणाली.

राणीनं सायकलचं आमिष दाखवलं. उपयोग झाला नाही. शेवटी शालूबाई पुढं सरली.

"पूजे, हात दे. तुला काय आत्तीवानी व्हायचं हाय का? जल्मभर सुया. लगीन न्हाई, पोरंबाळं न्हाई. व्हायचं हाय का तसं?"

दीपमाला डब्याची पिशवी घेऊन दारातच थांबली. राणीला ती दिसली.

"आवं आत्याबाई..." राणी सासूला हळूच म्हणाली.

पण पूजा रडत रडत ओरडली, "व्हय! मला आत्तीसारखंच व्हायचं हाय! तिच्याकडं स्कूटी हाय. तिची एकटीची खोली हाय. दंडाला ते साखर मोजायचं बटण हाय, मोबाईलवर सगळं दिसतंय. पर्समधी कायम गोळ्या-बिस्किटं असत्यात, आन् तिला कुणी न्हाई म्हणत न्हाई!"

 राणीनं पदर तोंडाला लावला.

दीपमालाला क्षणभर बरं वाटलं. लय बरं वाटलं. राहू दे सुई, जाऊ दे ते औषध बेसिनमध्ये, होऊ दे हिला माझ्यासारखं. मग घालतील सगळे फुंकर. तो विचार पूर्ण होऊन गेला आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. ती पलंगाच्या कडेला बसली.

"पूजा, एक सांगू? मला तुझा हेवा वाटतो."

पूजाचं रडणं थांबलं. "माझा?"

"तुझाच."

"कशाचा?"

"या सलाईनचा. माझ्या वेळी असलं काही नव्हतं. कुणी सांगितलंच नाही, येतंय म्हणून. एकदम आलं."

पूजानं आजीकडं बघितलं. हे आजीनं ऐकलं का, एवढंच तिला बघायचं होतं. आत्तीला आपला हेवा वाटतो. काखेतला उजवा हात जरासा सैल झाला.

"आनखी कशाचा वाटतोय?"

"तू इंजेक्शनला रडतीस, त्याचा. मला रडायची परवानगी नव्हती. शेजारी कळलं असतं."

सिस्टरनं तिचा तो हात हातात घेतला. पूजाचं लक्ष नव्हतं.

"आनखी?"

"आपल्याकडं तेव्हा फ्रिज नव्हता. माझं औषध कोल्ड्रिंकच्या दुकानात ठेवायचो. आजी दुकानदाराला सांगायची, म्हशीचं हाय."

पूजा फिसकन हसली. "म्हशीचं?"

"म्हशीचं. एकदा त्यानं माझ्यादेखत विचारलं, म्हैस कशी हाय आता? आजी म्हणाली, हाय, चरतीया."

पूजा मोठ्यानं हसली. सिस्टरही हसली आणि तेवढ्यात तिनं नळी जोडली. राणीनं पोरीचा पाय मांडीवर ओढून घेतला.

शालूबाई उठली. चहा सांगून येते, असं काहीतरी पुटपुटत ती दारापर्यंत गेली.

"आनखी सांग की, आत्ती," पूजा म्हणाली.

दीपमालानं दाराकडं पाहिलं नाही. तिनं सहावीतल्या सहलीचं सांगितलं. बस सुटली तेव्हा ती घरी कशी होती ते. साखरपुड्याची साडी परत करायला गेलेल्या दिवसाचं सांगितलं. आवाज तिनं चढवला नाही, उतरवलाही नाही. मागं कधीतरी स्टूल सरकल्याचा आवाज झाला आणि शालूबाई परत येऊन बसली. चहा तिनं आणला नव्हता.

अर्ध्या-पाऊण तासानं सिस्टर आली. सलाईन संपलं होतं. तिनं हळूच नळी काढली आणि बाटली घेऊन गेली. पूजाला झोप लागली होती.

दीपमाला अजून सांगत होती.