आवडतीचं मीठ अळणी

कल्पना करा, तुम्ही धुळीच्या कणाहूनही लहान झाला आहात आणि चांदीच्या डोंगरांवरून चालला आहात. एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील इतके बारीक डोंगर. त्यांच्या फटीत विषाचा कण अडकला आणि वरून लेझरचा प्रकाश पडला, की त्या कणाची कुजबुज आरोळीसारखी मोठी होते. संगणकाच्या पडद्यावर तिचे उंच शेंडे उमटतात.

अशी चांदी चढवलेल्या काचा भिंगरीची आत्या बनवायची. आज पाणी तपासणाऱ्या अधिकारी बाई येणार होत्या. विहिरीच्या पाण्यात उतरलेलं फवारणीचं विष काचेनं दाखवलं, तरच आत्याचं काम पुढे चालणार होतं.

सकाळी आत्यानं विषाचा थेंब टाकून पहिली काच यंत्राखाली ठेवली. पडद्यावर सपाट रेघ. दुसरी ठेवली, तीही सपाट. आत्याचं तोंड एवढंसं झालं. चांदी काळवंडली होती. एकेक काच डबीत ठेवून, हलू नये म्हणून आत रबरबँडनं आवळून, किती जपलं होतं तिनं!

भिंगरीला कुठला धीर? कोपऱ्यातल्या काचेच्या बशीत डबीतल्या काचांबरोबर एकाच दिवशी बनवलेल्या, पण ओरखडे पडलेल्या चार काचा झाकून ठेवल्या होत्या. त्यातली एक बघू या, म्हणून तिनं आत्याच्या मागे भुणभुण लावली. आत्यानं नाइलाजानं थेंब टाकला, आणि पडद्यावर शेंडेच शेंडे.

"नावडतीचं मीठ अळणी म्हणतात," आत्या पुटपुटली, "इथं आवडतीचंच अळणी निघालं."

भिंगरीनं डबीतली काच उजेडात धरली. "आत्या, रबर होतं ना, तिथंच सगळ्यात काळी आहे बघ."

आत्यानं कपाळावर हात मारला. रबर चिवट व्हावं म्हणून त्यात गंधक घालतात आणि गंधक चांदीला काळं करतं. जाड दागिना बरेच दिवस तग धरतो. हे इवलेसे डोंगर कुठून धरणार? ठाऊक असून हातून घडलं होतं.

अधिकारी बाई आल्या. ओरखड्याच्या दुसऱ्या काचेनं त्यांनी आणलेल्या विहिरीच्या पाण्यातलं विष दाखवलं. बाई खूश झाल्या, पण डबीतल्या काळ्या काचा बघून त्यांनी विचारलं, "आणि माझ्याकडे आल्यावर हीही काळी पडली तर?"

आत्या रबराचं सांगू लागली, तोवर भिंगरीनं उरलेल्या दोन काचा चिमट्यानं दोन बाटल्यांत सोडल्या. एकीत रबराचा तुकडा टाकला, दुसरीत काहीच नाही. दोन्हींना काचेची बुचं लावली आणि बाटल्या बाईंच्या हातात दिल्या.

"तुमच्या टेबलावर ठेवा," ती म्हणाली. "कुठली काळी पडते ते तुम्हीच बघा."