कारणाचा रकाना

गावंडे सरांना पोर्टल उघडता येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. तालुक्याच्या त्या लहानशा कॉलेजात केंद्र सरकारचा संशोधन प्रकल्प आणणारे ते पहिलेच. पण पोर्टलवर काही भरायचं निघालं, की ते मान वळवून हाक मारत, "प्रेरणा!"

प्रेरणा त्यांची संशोधन सहायक. प्रकल्प वांग्यांवरच्या मर रोगाचा. दोन वर्षं ती पवनारला घरच्या शेतात शेचाळीस वाणांची झाडं सांभाळत होती. दर आठ दिवसांनी किती झाडं माना टाकून मेली ते मोजायचं, वहीत लिहायचं, मग कॉलेजात येऊन पोर्टलवर चढवायचं. त्याच नोंदींवर तिची पीएचडी उभी राहायची होती. वर्षाचा प्रगती अहवालही तीच लिही. सरांचं काम एवढंच, की मोबाइलवर ओटीपी आला की चष्मा कपाळावर चढवून एकेक आकडा मोठ्यानं वाचायचा.

त्या दिवशी एकतीस मार्च होता. पाच वाजता पोर्टल बंद होणार होतं. अहवाल गेला नाही तर प्रकल्प तिथंच संपणार, तिसरं वर्ष मिळणार नाही. प्रेरणा सकाळपासून फोटो लहान करून करून चढवत होती. सव्वाचारला ती शेवटच्या पानावर आली. कर्मचारी: तेच की बदल?

"बदल कर," सर म्हणाले.

"बदल?"

"आचलचं नाव टाक. तिची माहिती तुह्या व्हॉट्सॲपवर पाठवली आहे, पाय."

आचल म्हणजे संस्थेच्या सचिवांची भाची. पंधरा एप्रिलला प्राचार्यपदाच्या मुलाखती होत्या, सर त्यात उमेदवार होते आणि त्या घ्यायला सचिवच बसणार होते. हे कॉलेजातल्या शिपायालाही ठाऊक होतं. तरी प्रेरणाला वाटलं, सर गंमत करताहेत. तिनं हसून पाहिलं. सर हसले नाहीत.

"आणि मी, सर?"

"तुही पीएचडी कुठं चालली? ते तर सुरूच आहे न. फक्त प्रकल्पातून नाव निघून राह्यलं. एवढ्यात तोंड काऊन पाडतं?"

"पण झाडं आमच्या वावरात आहेत, सर."

"वावराचा करार प्रकल्पासंगं आहे, तुह्यासंगं नाई. तीन वर्साचा. डोमाजीची सही तूच तर आणली होती."

डोमाजी तिचे वडील. दोन गुंठे प्रकल्पाला सोडून त्यांनी त्या कागदावर सही केली होती, ती लेक म्हणाली म्हणून.

प्रेरणानं 'बदल' निवडलं. खाली नवा रकाना उघडला: कारण. त्यात चार पर्याय होते. राजीनामा, अन्यत्र नियुक्ती, असमाधानकारक काम, मृत्यू.

"राजीनामा टाकते," ती हळूच म्हणाली. निदान तो तरी आपल्या हातानं दिलेला असेल.

राजीनामा निवडताच लाल ओळ आली: एक महिन्याची नोटीस जोडा.

"नाई जमत," सर म्हणाले. "आज नोटीस देली तं आचल मे महिन्यात लागंल. माही मुलाखत त्याच्या आधी आहे. दुसरा पाय."

अन्यत्र नियुक्तीला नेमणुकीचं पत्र लागत होतं. मृत्यूला दाखला.

"तो तं तुले परवडणार नाई," असं म्हणून सर खळखळून हसले. मग वाकून त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे पाय. याले काहीच जोडा लागत नाई."

असमाधानकारक काम.

"सर, असमाधानकारक कुठं होतं? मागच्या अहवालात तुम्हीच लिहिलंय, सहायकाचं काम उत्कृष्ट."

"मागच्या अहवालात काय आहे ते मले काय माहीत बाप्पा? तूच लिहिलं होतं न ते."

हे खरं होतं. 'प्रमुखाचा अभिप्राय' हा रकानाही तिनंच भरला होता, सरांनीच सांगितलं होतं, काही चांगलं टाकून दे म्हणून. उत्कृष्ट हा शब्द लिहिताना ती एकटीच लाजली होती.

पाचला वीस मिनिटं उरली. हात बांधून बसावं आणि पाच वाजू द्यावेत, असं तिच्या मनात आलं. प्रकल्प बुडाला तर सरांचाही बुडेल, आचलचाही. पण मग शेचाळीस वाणांच्या नोंदी अर्ध्यावर राहतील आणि प्रबंधावर सरांची सही या जन्मी होणार नाही. पीएचडी सुरूच आहे असं सर म्हणाले होते. तेवढ्याच शब्दाला धरून तिनं तिसरा पर्याय निवडला, आचलचं नाव नीट, चूक न करता टाकलं. सरांनी ओटीपी वाचला. तिनं बटण दाबलं.

अहवाल पोचल्याची पावती आली आणि तिच्याखाली एक सूचना: असमाधानकारक कामामुळे वगळलेल्या व्यक्तीस प्रकल्पातील कोणत्याही नोंदी प्रकल्पप्रमुखाच्या लेखी परवानगीशिवाय वापरता येणार नाहीत.

तिनं ती दोनदा वाचली.

"सर, हे..."

"हो, तसा नियमच आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नियमावली छापील आली होती. पोर्टल नाई समजत मले, वाचता तं येते."

"परवानगी द्याल ना, सर?"

"अर्ज दे. तोंडी कसं चालंल?"

तिनं कोरा कागद घेतला. सर सांगत गेले, ती लिहीत गेली. "माझे काम असमाधानकारक आढळल्याने मला प्रकल्पातून वगळण्यात आले आहे. तरी..."

"हे लिहायलाच हवं का, सर?"

"कारण नाई लिहिलं तं अर्ज कायचा?"

तिनं लिहिलं, खाली सही केली. सरांनी कागद वाचला, 'तरी'च्या आधी पूर्णविराम द्यायला लावला आणि पेपरवेटखाली ठेवला. मग सचिवांना फोन लावला. "झालं भाऊसाहेब. बरोबर वेळेत गेलं. हो, हो, आपली आचल आता आपल्याकडंच."

फोन ठेवेपर्यंत प्रेरणा उभीच होती.

"परवानगी कधी मिळेल, सर?"

"आचलचा पेपर निघू दे पह्यले," सर म्हणाले. "तिले त्याच नोंदी लागतीन न. त्याच्यानंतर पाहू."

तरी ती हलली नाही. सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांच्या आवाजात खरीखुरी काळजी आली.

"जाय वं बेटा, तुही बस चुकंल."