पाण्याच्या कॅनचं कुलूप

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. मित्रांनो, जन्मल्या जन्मल्या मला हातोड्याने बडवलं गेलं. पुढच्या आयुष्यात फारसा फरक पडला नाही.

चाकूरचे किराणा दुकानदार सिद्धेश्वरअप्पा यांनी मला विकत घेऊन अंगणातल्या पाण्याच्या टाकीला लावलं. दुष्काळ होता. घरात दागिन्यांचं कपाट उघडं असे, टाकी बंद. लोकांनी माझ्यावर दगड घातले, पहार घातली. एकाने तर चावून पाहिलं. मी उघडलो नाही. अप्पा पाहुण्यांना आधी मला दाखवत, मग मुलांना.

त्याच सुमारास लातूर नवा जिल्हा झाला. उत्साही मंडळींनी जिल्ह्याचं गिर्यारोहण मंडळ काढलं, अध्यक्ष निवडला, शिक्का बनवला, आणि मग जिल्ह्यात मनाजोगता डोंगर नसल्याचं लक्षात आलं. म्हणून तीन दिवसांची पायी सहल नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या जंगलात ठरली. सात जण निघाले. त्यांत अप्पा होते आणि त्यांची थोरली बहीण, उदगीरच्या शाळेतल्या उमाबाई. वाटाड्या होता सटवाजी, खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला.

अप्पांनी सगळ्यांचं पाणी दुधाच्या कॅनमध्ये भरून पाठीला बांधलं. झाकणाच्या कडीला मला लावलं, किल्ली करदोड्याला. जंगलात पाण्याला कुलूप लावत नाहीत, असं सटवाजीने सांगून पाहिलं.

"आमच्याकडं कुलूप नसलं तर ते पाणी आपलं नसतंय," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ओढे कोरडे लागले. सटवाजी पाण्यासाठी वाळूत झिरा उकरू लागला, आणि तेच पाणी हुंगत अस्वल आलं. पाच जण पळाले. अध्यक्ष सर्वांत पुढे होते. अस्वलाने अप्पांच्या कमरेवर पंजा मारला. करदोडा तुटला, किल्ली पाचोळ्यात उडाली. सटवाजी मध्ये पडला. अस्वलाने त्याच्या कपाळाचं कातडं सोललं, डावा डोळा फोडला. त्याने दोनदा कुऱ्हाड घातली, तेव्हा ते रक्त सांडत निघून गेलं.

"पाणी द्या, बाई," सटवाजी म्हणाला.

अप्पा चार पायांवर पाचोळ्यात किल्ली शोधत होते. उमाबाईंनी दगड उचलला.

"अक्का, कुलूप चांगलं हाय. जरा दम धर, किल्ली सापडंल."

"माणूसबी चांगला हाय, सिद्धू," म्हणत त्यांनी माझ्यावर दगड घातला.

अकरा घाव मी सोसले. सातव्यापर्यंत मला अभिमान वाटत होता. आठव्याला सटवाजीचे ओठ हलायचे थांबले. मला पहिल्यांदाच उघडावंसं वाटलं, पण ते मला कोणी शिकवलंच नव्हतं.

उमाबाईंनी दगड टाकला, रक्ताळलेली कुऱ्हाड घेतली आणि कॅनचं पोटच फोडलं. अर्धं पाणी वाळूत गेलं. उरलेल्यात पदर भिजवून त्यांनी सटवाजीच्या तोंडात पिळला. तिसऱ्यांदा पिळल्यावर त्याच्या घशात घोट उतरला.

"त्यांनाबी द्या," अप्पांकडे बोट करत तो पुटपुटला. "कोरड पडली असंल."

उमाबाईंनी पदर पुढे केला, तो अप्पांनी सटवाजीच्याच तोंडात पिळला.

सागाच्या बल्लीला घोंगडी बांधून दोघांनी सटवाजीला सडकेपर्यंत आणलं. तो जगला, एका डोळ्याने. मी मात्र बंदच राहिलो. आता दुकानामागच्या खिळ्याला लटकतो. माझं कौतुक कोणी करत नाही.

मित्रांनो, कुलपांची काळजी घ्या. वेळेवर तेल द्या, ओलीत ठेवू नका. पाण्याला मात्र लावू नका. माझ्यासारखं चांगलं कुलूप तर मुळीच लावू नका.