शंभरवरून वीसवर, दहा वेळा

एकतीस वर्षं मास्तरीणबाईंनी दुसऱ्यांच्या वेगाला ब्रेक लावला. अगदी खरोखरचा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढे, पायाशी, ब्रेकचं एक जादा पेडल असतं, आणि त्या पेडलावर बाईंचा उजवा पाय एकतीस वर्षं तैनात होता. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून, खरं तर पायाखालून, गेलेली. डॉक्टर, कारकून, नवऱ्याला पत्ता लागू न देता शिकायला येणाऱ्या बायका, एक न्यायाधीश. या सगळ्यांना बाईंनी भिंतींपासून, खांबांपासून आणि एकमेकांपासून वाचवलं. न्यायाधीशांना तर एकाच खांबापासून चार वेळा.

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बाईंनी स्वतः कधी चाळीसच्या वर गाडी नेली नव्हती. एक्केचाळीस दिसले की पाय आपोआप उचलला जायचा.

अशा बाईंच्या दारात एक स्पोर्ट्स कार येऊन उभी राहिली. पिवळीधमक, जमिनीला चिकटलेली, दोनच सीटांची. त्यांचा थोरला भाऊ, दादा, गेला आणि जाताना गाडी बहिणीच्या नावावर करून गेला. दादा एकटा जीव. त्याने ती गाडी अकरा वर्षं तळहाताच्या फोडासारखी जपली होती, आणि दर आठवड्याला फोनवर तिच्या गोष्टी सांगितल्या होत्या. "काल दोनशेवर नेली गं. वळणावर अशी घातली म्हणतेस!" बाई इकडे फोन धरून डोळे मिटून घ्यायच्या. हे ध्यान एक दिवस हातपाय मोडून घेणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. शेवटी दादा गेला तो झोपेत, स्वतःच्या पलंगावर, अंगावर ओरखडाही नसताना.

गाडी आली त्याला वर्ष झालं. वर्षभरात बाईंनी ती तीनदा बाहेर काढली, कॉलनीला एक फेरी मारली, ताशी तीसने. सबब तयार होती. "ब्रेक सिरॅमिकचे आहेत ना!" चाकाच्या आत एक गोल तबकडी असते, तिला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात आणि गाडी थांबते, ती डिस्क. तुमच्याआमच्या गाडीत ती लोखंडाची असते. या गाडीत सिरॅमिकची. वजनाला हलकी, कितीही तापली तरी कुरकुर नाही, पण कडेला टोला बसून टवका उडाला की अख्खी डिस्क बाद. आणि एका डिस्कच्या किमतीत साधी गाडी येते. मग काय, रस्त्यात खडा दिसला की बाईंना घाम.

दादाचे एक मित्र होते, त्यांना सगळे कव्हरशेठ म्हणत. त्यांच्याकडे नऊ जुन्या-नव्या गाड्या होत्या आणि नऊही कव्हरखाली. महिन्यातून एकदा ते एकेक कव्हर उचलायचे, आत डोकावून सुस्कारा टाकायचे आणि परत झाकायचे. "बाई, माझ्याकडे द्या. सुखात राहील," असं ते वर्षभर म्हणत होते.

शेवटी बाईंचं डोकं फिरलं. स्वतःवरच. त्यांनी शेठला फोन केला. "शनिवारी सकाळी अकरा वाजता बंद कारखान्याच्या फाटकाशी या. त्याआधी मी गाडी शंभरवर नेऊन बघते. नेली तर माझी, नाही तर किल्ली तुमच्या हातात. पुन्हा रडगाणं नाही." आणि सबबीचं मूळच उपटायला त्या गाडी घेऊन गॅरेजात गेल्या. सिरॅमिक काढा, स्टील बसवा.

गॅरेजवाली त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. पहिल्या दिवशी तिने एकाच चौकात गाडी एकोणीस वेळा बंद पाडली होती. आता तिच्याकडे गाड्या उचलणाऱ्या तीन लिफ्ट होत्या आणि लांबलांबून लोक ब्रेकच्या कामाला तिच्याकडे यायचे. शनिवारी सकाळी सातलाच तिने गाडी वर घेतली, चाकं उतरवली आणि पहिली सिरॅमिक डिस्क अल्लद काढून टेबलावर ठेवली. बॅटरी मारून बघितली. मग दुसरी बघितली. मग डोकं खाजवलं.

"बाई, दादासाहेब गाडी जोरात चालवायचे म्हणता?"

"दोनशेवर."

"मग थांबायचे कसे? पाय घासून?"

"म्हणजे?"

"अहो, या डिस्कला एकदाही जोरात ब्रेक लागलेला नाही. पॅड बघा, कारखान्यातून आले तसे. अकरा वर्षांत ही गाडी कुठे गेलीच नाही. फार तर तीस, पस्तीस. फार तर!"

बाई स्टुलावर बसल्या होत्या, त्या उठल्या. डिस्कवरून बोट फिरवलं. गुळगुळीत, कोरी. त्यांच्या डोक्यात दादाचे सगळे फोन एकामागोमाग वाजले. दोनशेची गोष्ट. वळणाची गोष्ट. हायवेवर ट्रकवाल्याने हात जोडले ती गोष्ट.

"मेल्या!" बाई डिस्कलाच म्हणाल्या. "थापाड्या! तूसुद्धा भित्राच होतास की रे!" आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. गॅरेजवालीही हसायला लागली. दोघी हसून हसून वाकल्या, बाईंनी लिफ्टचा खांब धरला. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि भरले ते बराच वेळ भरलेलेच राहिले. अकरा वर्षं तो त्या गाडीत बसून काय करत असेल? बहुतेक इंजिन सुरू करून नुसता बसत असेल. तिथूनच फोन करत असेल.

मग मात्र त्यांनी घड्याळाकडे बघितलं. रक्त एकच. दादाला अकरा वर्षांत जे जमलं नाही ते आपल्याला चार तासांत कसं जमणार? आणि नाही जमलं तर गाडी निघाली दहाव्या कव्हरखाली.

स्टीलच्या डिस्का बसल्या. खरं तर त्या ओतीव लोखंडाच्या, पण सगळे स्टीलच म्हणतात. वजनाला चांगल्या दणदणीत. बाईंनी एक उचलून बघितली आणि त्यांना ती एकदम आवडली. पडली तर पायाचा अंगठा तुटेल, डिस्कला काही होणार नाही. नवे पॅड आले, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून झाली. गॅरेजवालीने हात पुसले आणि म्हणाली, "आता रुळवायचे."

"काय रुळवायचे?"

"ब्रेक. नव्या डिस्कवर पॅडचा थर नीट बसला पाहिजे. शंभरवर जायचं, कचकन ब्रेक, वीसपर्यंत. थांबायचं नाही हं. लगेच पुन्हा शंभर, पुन्हा वीस. असं दहा वेळा. नंतर थंड होईपर्यंत फिरत राहायचं, ब्रेक न लावता. मध्ये थांबलात तर तापलेला पॅड डिस्कला चिकटून डाग पडतो, मग जन्मभर गाडी थरथरते."

"दहा वेळा," बाई म्हणाल्या.

"एकदा जाणारच होतात ना? मग नऊ वेळा फुकट."

बंद कारखान्याच्या आवारात दोन किलोमीटरचा सरळ रस्ता होता आणि शेडांना वळसा घालून परत यायला दुसरा. तिथला चौकीदार गॅरेजवालीच्या ओळखीचा. त्याने फाटक उघडलं, आत कुत्रंसुद्धा नाही याची खात्री करून दिली आणि स्वतः चौकीत जाऊन दार लावून घेतलं.

बाईंनी आरसे लावले. सीट पुढे घेतली. पट्टा बांधला. पुन्हा आरसे लावले.

"बाई, लागलेत आरसे," शेजारच्या सीटवरून गॅरेजवाली म्हणाली.

गाडी सुटली. वीस. तीस. अडतीस. चाळीस. एक्केचाळीस, आणि पाय वर. दुसऱ्या फेरीला बेचाळीस. तिसऱ्या फेरीला बाईंनी दात आवळून बघितले, दात आवळले गेले आणि पाय उचलला गेला. चौथ्या फेरीला तर सदतीसवरच. पावणेअकरा झाले. बाईंचे हात स्टिअरिंगवर ओले झाले होते.

"नाही गं जमत," त्या म्हणाल्या. "हा पाय माझा नाहीच. तो ब्रेकचा नोकर आहे. दे शेठला किल्ली, निदान त्याची तरी हौस फिटेल."

गॅरेजवालीने चष्मा नीट केला. तिने आपली सीट थोडी पुढे घेतली. पाठ ताठ केली. डावा हात दाराच्या कडीवर, उजवा मांडीवर. मग कोऱ्या, किंचित चिडक्या आवाजात सुरू झाली.

"पहिला गिअर. क्लच सावकाश सोडा. सावकाश म्हटलं मी! हं. दुसरा. समोर बघायचं, गिअरकडे नाही, तो कुठे पळून जात नाही. तिसरा. पाय तिथेच ठेवा. घाबरू नका. ब्रेक माझ्या पायाखाली आहे."

तिच्या पायाखाली रबराची चटई होती. बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. पण हे वाक्य! एकतीस वर्षं रोज, प्रत्येक घामाघूम झालेल्या माणसाला, बाईंनी हेच वाक्य याच आवाजात सांगितलं होतं. त्यांना मात्र ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि दादालाही कुणी सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं नाही, थोरला ना! आणि अख्ख्या गावाला शिकवणाऱ्या बहिणीला सुचलं नाही. बाईंच्या छातीत कळ आली, आणि तिच्या मागोमाग दुसरंच काहीतरी उसळून आलं. पाय उचलायचं त्या विसरल्या.

"पंचावन्न," गॅरेजवाली त्याच कोऱ्या आवाजात म्हणाली. "चौथा. चांगलं. सत्तर. पाय तिथेच."

इंजिनने आवाज चढवला. शेडांच्या खिडक्या एकेक दिसायच्या त्या सगळ्या मिळून एकच झाल्या. बाईंच्या तोंडून एक किंकाळी निघाली, पण ती भीतीची नव्हती. लहानपणी झोक्यावर निघायची तसली होती.

"शंभर! ब्रेक!"

आता ब्रेक म्हणजे बाईंचं राज्य. एकतीस वर्षांची मेहनत एका पायात उतरली. गाडी नाक खाली करून अशी बसली की गॅरेजवालीचा चष्मा उडून काचेवर आपटला. वीस!

"सोडा! पुन्हा शंभर!"

"पुन्हा!" बाई ओरडल्या.

दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा गॅरेजवालीला मास्तरकीचा आवाज टिकवता येईना, तीही ओरडायला लागली. पाचव्यांदा करपल्याचा वास आला. "येणारच! चांगला वास आहे!" सहाव्यांदा चाकांतून धूर. सातव्यांदा बाई दादाच्या नावाने शंख करत होत्या. "बघ रे थापाड्या! एकशे चार! हे असं!" आठवा, नववा. दहावा झाल्यावर त्यांनी अकरावा लावला. गॅरेजवाली म्हणाली, "बाई, दहाच," तेव्हा त्यांनी "मोजण्यात चूक झाली," असं धडधडीत खोटं सांगितलं.

थंड करायची फेरी सुरू झाली आणि समोर फाटकाशी कव्हरशेठ उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात घडी केलेलं नवंकोरं कव्हर. त्यांनी हात वर केला. गाडी त्यांच्या पुढून सावकाश निघून गेली.

"थांबता येत नाही हो!" बाईंनी काच खाली करून सांगितलं.

दुसऱ्या फेरीला शेठनी दोन्ही हात वर केले. "ब्रेक गेले का?"

"नाही हो! उत्तम लागताहेत!"

"मग लावा ना!"

"आता लावायचे नाहीत!"

तिसऱ्या फेरीला शेठ कव्हर काखेत मारून गाडीच्या बाजूने पळायला लागले. धापा टाकत त्यांनी विचारलं, बाईंना झालंय तरी काय. झालं होतं ते एवढंच, की हसू आवरत नव्हतं.

वीस मिनिटांनी गॅरेजवालीने मान हलवली आणि गाडी थांबली. शेठ चौकीच्या पायरीवर बसले होते ते उठून आले.

"मग बाई? किल्ली?"

"किल्ली नाही. पण चार सिरॅमिक डिस्का आहेत गॅरेजात, कापडात गुंडाळून. बारा वर्षं जुन्या आणि एक दिवसही वापरलेल्या नाहीत. त्या न्या. तुमच्याकडे सुखात राहतील."

शेठचा चेहरा आधी पडला. मग "एक दिवसही नाही?" असं पुटपुटत तो हळूहळू फुलला, आणि त्यांनी ते भलंमोठं कव्हर पोटाशी धरलं.

बाई उतरल्या. गाडीला वळसा घालून त्यांनी पलीकडचं दार उघडलं.

"उतर. तू चालव."

"मी? बाई, गाडी तुमची..."

"मला तुझ्या सीटवर बसायचंय. एकतीस वर्षं बसले या बाजूला, पण पोटऱ्या ताठ करून. खिडकीतून बाहेर काय दिसतं ते एकदासुद्धा बघितलं नाही."

गॅरेजवाली पलीकडे गेली. बाई बसल्या, पट्टा बांधला. गाडी सुटली, चाळीस झाले, आणि सवयीने बाईंचा उजवा पाय पुढे सरकला. चटईवर टेकला. साठ झाले. बाईंनी पाय मागे घेतला, वाकून बूट काढले आणि त्या अरुंद सीटवर जमेल तशी मांडी घातली.