आयत्या भागांची चिप

थोरल्या जावेला धाकटीचं सगळंच डोळ्यांत खुपायचं, पण सगळ्यांत जास्त खुपायचं ते तिचं काम. दोघी एकाच कंपनीत चिपचे आराखडे करायच्या. थोरली कित्येक वर्षं एकेक भाग स्वतःच्या हाताने घडवत आलेली. आणि ही कालची पोर काय करायची, तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या लायब्ररीत साठवलेले तयार भाग उचलायची. इथला प्रोसेसर, तिथली मेमरी, एकाला एक जोडलं की झाली चिप! वर संध्याकाळी सासूबाईंशी गप्पा छाटायला मोकळी.

"आयत्या पिठावर रेघोट्या ओढतेय नुसत्या," थोरली नवऱ्याला म्हणायची. नवरा बिचारा हो ला हो करायचा. दुसरं करणार काय?

मग कॅमेऱ्याच्या नव्या चिपचं काम आलं. साहेबांनी दोघींनाही आराखडा करायला सांगितला. जिचा चांगला चालेल, ती कामाची प्रमुख. त्या जागेवर थोरलीचा कधीपासून डोळा होता. तिने ठरवलं, लायब्ररीतल्या कशालाही हात लावायचा नाही. अगदी पाळीवाल्यालाही नाही. पाळीवाला म्हणजे मेमरीपाशी कुणी आधी जायचं आणि कुणी थांबायचं हे ठरवणारा भाग. तो तिनेच पूर्वी लिहून लायब्ररीत ठेवला होता, आणि कितीतरी चिपांमध्ये बिनबोभाट चालत होता. पण तो उचलला तर धाकटी मनात म्हणेल, आल्या शेवटी माझ्याच वाटेवर. छे, नावच नको. थोरलीने नवा पाळीवाला लिहायला घेतला.

पाहणीच्या दिवशी सगळ्यांसमोर पडद्यावर तिची चिप चालवून बघितली. प्रोसेसर मेमरी अडवून कॅमेऱ्याच्या चित्राची वाट बघत बसला, कॅमेरा चित्र ठेवायला मेमरी कधी मिळते याची वाट बघत बसला, आणि नवा पाळीवाला दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. गाडं अडलं ते अडलंच. धाकटीची चिप मात्र सुरळीत चालली.

"हिने तुमचाच जुना पाळीवाला घेतलाय," साहेब म्हणाले. "तुम्ही का नाही घेतला?"

उत्तर थोरलीला ठाऊक होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. काम धाकटीला मिळालं.

दोघींनी घरात पाऊल टाकलं तोच सासूबाईंनी विचारलं, "काय गं, कुणाची चिप पसंत पडली?"

आता ही मिरवणार, थोरलीला वाटलं. मिरवू दे, म्हणजे मलाही चार शब्द सुनावता येतील.

"ताईंचीच म्हणायची, आई," धाकटी चपला काढत म्हणाली. "प्रमुख मला केलंय, पण मी नुसतं जोडलं. त्यातला सगळ्यांत कठीण भाग ताईंचा आहे."

"थोरली आहे ती," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

थोरलीच्या अंगाची आग आग झाली. धाकटीने फुशारकी मारली असती, खोटं बोलली असती, तर तिला मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. मेलीने तेवढंही सुख तिच्या वाट्याला ठेवलं नाही.