तीस मेचा ठसा

मित्रांनो, मी एक जुने पंचिंग मशीन आहे आणि एकतीस वर्षांत मी एका मिनिटानेही चुकलेले नाही. या वाक्याचा मला फार दिवस अभिमान होता.

दोन बायकांनी माझे दात बसवले. एका म्हाताऱ्याने मला खिशातल्या घड्याळाशी ताडून पाहिले आणि पाठीवर खडूने लिहिले, ‘बरोबर’. मग मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका चीजच्या कारखान्यात आले. हात धुण्याच्या बेसिनशेजारची भिंत मला मिळाली. कोणी कार्ड तोंडात घातले की मी दात रोवायचे आणि तारीख, वेळ उमटायची. खट्. एकाचा सात मिनिटांचा उशीर दाखवला म्हणून त्याने मला लाथ मारली. एक बाई दर नाताळात माझ्यावर कागदी तारा चिकटवायची. मला दोघेही सारखेच. मी दोघांनाही एकच वेळ सांगायचे.

मग निगोरा आली.

ती उझबेकिस्तानातल्या नमनगानची. जवळच्या कॉलेजात अन्नशास्त्र शिकत होती आणि पदवीला एकच सत्र उरले होते. परदेशी विद्यार्थ्याला कॉलेजबाहेर प्रशिक्षण घ्यायचे तर परवानगी त्याच्या शिक्षणाच्या कागदावर छापून यावी लागते. कुठे, कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत. निगोराच्या कागदावर आमच्या कारखान्याचे नाव होते आणि तारीख होती ३ जून. त्याआधीचे काम बेकायदा, मग ते तासाभराचे असो की फुकटचे. ते सापडले तर शिक्षण तिथेच संपते आणि देश सोडावा लागतो. कॉलेजातल्या परदेशी विद्यार्थ्यांचे काम पाहणाऱ्या हॅल्व्हर्सनसाहेबांनी तिला हे दोनदा समजावले होते. दोन्ही वेळा तिने मान डोलावली होती. काम कशाला म्हणतात, हे तिला ठाऊकच होते.

३० मे. सकाळी ७:५२. आत. खट्.

चार दिवस आधी.

झाले असे, की दूध तपासणाऱ्या बाईचे मनगट मोडले आणि प्रयोगशाळेची मुख्य डार्लीन हिने निगोराला फोन केला. जरा येतेस का, म्हणाली. निगोराच्या गल्लीत कोणाची भिंत उभी राहायची असली की सगळी गल्ली जाते. त्याला तिथे हशार म्हणतात. तुमच्याकडे इर्जिक घालतात ना, तसेच. बोलावल्यावर गेले नाही तर घराची मान खाली जाते. आणि हशारला कोणीही काम म्हणत नाही.

“ओपा, आजचा दिवस धरू नका हं,” ती डार्लीनला म्हणाली. ओपा म्हणजे ताई. “मी नुसती हात द्यायला आलेय.”

“दे की. पण आधी कार्ड घाल. फरशी ओली आहे. घसरून आपटलीस तर विमेवाले मलाच विचारतील, ही बया इथं आली कुठून?”

तिने कार्ड घातले. मी चावले.

त्या दिवशी एका टँकरच्या दुधात तिला गाईला टोचलेल्या औषधाचा अंश सापडला. तो टँकर मोठ्या टाकीत रिकामा झाला असता तर अख्ख्या टाकीतले दूध ओतून द्यावे लागले असते. डार्लीनने तिला इतकी घट्ट मिठी मारली, की दोघींच्या केसांवरच्या जाळ्या खाली पडल्या.

३० मे. दुपारी ३:४०. बाहेर. खट्.

उन्हाळा गेला. निगोराची आणखी पुष्कळ कार्डे मी चावली आणि त्यातले एकही तिला लागले नाही.

ऑगस्टात डार्लीनने कॉलेजला पत्र लिहिले. कोणी मागितले नव्हते, तिने मायेपोटी लिहिले. हाक मारल्याबरोबर ही मुलगी कशी धावत आली, टँकर कसा पकडला, अशी मुलगी मी पाहिली नाही, अशी दोन पाने. पत्रात तारीख नव्हती. पण कॉलेजवाल्यांना खरे वाटावे म्हणून तिने त्या दिवसाच्या कार्डाची प्रत जोडली.

आठवड्याने निगोरा कारखान्यात आली. कार्डावरची तारीख पाहून हॅल्व्हर्सनसाहेबांनी विद्यार्थी म्हणून असलेली तिची नोंद बंद केली होती. तसे करताना त्यांचे डोळे भरून आले होते, असे तिने सांगितले. नियम मात्र त्यांच्या हातात नव्हता. शेवटचे सत्र गेले. पदवी गेली.

“मी तर चांगलंच लिहिलं होतं गं,” डार्लीन पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मग तिची नजर माझ्यावर पडली. “हे खटारंच बिघडलंय, असं लिहून देऊ. एवढं जुनं आहे, कोणीही मानेल.”

लेखी द्यायचे तर तपासायला हवे. तिने रॉय मेकॅनिकला बोलावले. त्याने कोरे कार्ड काढले, मनगटावरचे घड्याळ माझ्यासमोर धरले.

मित्रांनो, एक दात घसरला असता तरी पुरले असते. एकतीस वर्षांत एकदाच. फक्त एक दात.

खट्.

“मिनिटाचाही फरक नाही,” रॉय म्हणाला आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. “असली मशिनं आता बनतच नाहीत, बाई.”

ते माझे शेवटचे कौतुक.

निगोराने पर्स खांद्याला लावली. “ओपा, आईला काय सांगू? हशारला गेले म्हणून मला हाकललं?”

निगोरा गेली, तेव्हा तिच्यापाशी माझ्या तोंडात घालायला कार्ड नव्हते. म्हणून ती किती वाजता गेली, हे मला सांगता येत नाही.

आता कामगार हजेरीसाठी नव्या यंत्राच्या काचेवर बोट टेकवतात. माझ्या डोक्यावरच्या खुंटीवर फरशी पुसायचे फडके वाळत असते. त्याचे पाणी माझ्यात झिरपते, दात गंजतात. परवा मी चार मिनिटे मागे पडले. तपासायला कोणी आले नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना तेल घाला, त्यांना पुसून ठेवा, असे मी सांगायला हवे. ते राहू द्या. तुमच्या दारी कोणी परदेशी मुलगी मदतीला आली, तर आधी तिचा कागद मागा. तारीख नीट वाचा. एक दिवस जरी बाकी असला तरी तिला पायरी चढू देऊ नका. तिचे हसू पाहू नका, कॉफी विचारू नका, तिच्याविषयी चार चांगले शब्द लिहू नका. तिच्या तोंडावर दार लावून घ्या.

तेवढी तिची काळजी घ्या.