चिकूच्या बिया आणि स्वहिस्सा

सुकीला प्रश्न विचारायची खोड होती आणि ती खोड सरकारी असो की खासगी, कुठल्याही कचेरीत आवडत नाही. डहाणूतल्या एका अनुदान देणाऱ्या संस्थेच्या कचेरीत मात्र अहिल्या मॅडम होत्या. त्या आधी वैतागायच्या, मग चष्मा काढून पुसायच्या आणि मग समजावून सांगायच्या. म्हणून सुकी पुन्हा पुन्हा जात राहिली.

रानशेतजवळच्या एका पाड्यावर नऊ बायकांचा गट होता. घोलवडच्या वाड्यांमधून पॅकिंगवाले बारीक आणि फार पिकलेला चिकू बाजूला काढतात, तो स्वस्तात आणायचा, काप करायचे, उन्हात वाळवायचे, पाकिटं भरायची. सुकी या गटाची सचिव. गेल्या थंडीत दव आणि ढगांनी मिळून निम्मे काप काळे पाडले होते. यंदा सौर वाळवणयंत्र आलं तर गट टिकणार होता, नाहीतर बायका पुन्हा वीटभट्टीवर जाणार होत्या. भट्टीवाल्याचा मुकादम दोनदा पाड्यावर येऊन गेला होता. गट मोडला तर सुकीचं काही नुकसान होणार होतं असं नाही, तिचा नवरा रेल्वेच्या ठेकेदाराकडे कामाला होता. पण हा गट तिने दारोदार फिरून जमवलेला होता, आणि तो मोडलेला बघायची तिची तयारी नव्हती.

यंत्र सहा लाखांचं. संस्था अनुदान देत होती, पण प्रस्ताव नीट हवा. प्रस्तावातल्या एकेका शब्दापाशी सुकी अडायची.

"घसारा म्हंजे काय, मॅडम?"

"यंत्र जुनं होत जातं ना, त्याची दरवर्षी थोडी थोडी किंमत कमी धरायची."

"अजून यंत्र आलंच नाय. त्याच्याआधी त्याचं म्हातारपण मांडायचं?"

अहिल्या मॅडमनी चष्मा पुसला. "हो. म्हणजे म्हातारं झाल्यावर नवं घ्यायला पैसे बाजूला राहतात."

हे सुकीला फारच पटलं. माणसांसाठीही कुणीतरी असा घसारा मांडायला हवा, असं तिला परतीच्या बसमध्ये वाटत राहिलं.

पहिला प्रस्ताव परत आला. मजुरीचा रकाना कोरा होता. सुकीने तो कोरा सोडला कारण मजुरी कुणी कुणाला देतच नव्हतं! पाड्यावर सावड चालते: आज मी तुझ्या कामाला, उद्या तू माझ्या. गटातही तसंच. मॅडमनी डोक्याला हात लावला. "अहो सुकीताई, नऊ बायका हंगामभर राबल्या आणि खर्च शून्य? तुम्ही फुकट काम करता असं दिसतंय यात."

"फुकट कुठं? सावडीनं करतो."

"मग त्याची काही नोंद आहे का? असेल तर तुमचं नशीब." मॅडम पुढे सरकल्या. "तुमचा स्वहिस्सा चौथा, म्हणजे दीड लाख. रोख नसेल तर श्रम धरता येतात. दिवसाला तीनशे. पाचशे दिवस दाखवा. पण पुरावा मी स्वतः येऊन बघणार, आणि शुक्रवार शेवटची तारीख."

नोंद होती. म्हणूनच तर पंचाईत होती.

काळीबाय ही गटातली सर्वांत म्हातारी. तिच्या ओटीवर नऊ करवंट्या ओळीने असत, फडक्याने झाकलेल्या. दिवसभर काम केलं की संध्याकाळी बाईने आपल्या करवंटीत चिकूची एक बी टाकायची. नफा सगळ्यांना सारखाच. हंगाम सरला की करवंट्या शेजारी शेजारी ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघायच्या. जिची भरलेली, तिच्या घरच्या कामाला बाकीच्यांनी जायचं. जिची उणी, तिने जास्त राबायचं. पण बिया मोजायच्या नाहीत. मोजायला बसली ती बाई वसुलीलाच बसली, असं काळीबायची सासू सांगायची, आणि तिचीही सासू तेच सांगत असणार.

शुक्रवारी अहिल्या मॅडम रिक्षाने पाड्यावर आल्या. ओटीवर चहा झाला. सुकीने फडकं काढलं, नऊ करवंट्या मॅडमसमोर मांडल्या आणि सगळं सांगितलं. मॅडमनी एक करवंटी हातात घेऊन आत डोकावलं.

"मोजू या," त्या म्हणाल्या.

"नाय," काळीबाय म्हणाली.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. अंगणात बसलेल्या बायकांकडे सुकीने पाहिलं. हा विचार तिच्या डोक्यात रात्रभर घोळत होता, तो तिने बाहेर काढला. "काळीबाय, कोणाचे किती दिस ते मोजायचं नाय ना? मग सगळ्या बिया एका सुपात ओतू. एकदा मिसळल्या की कोणाच्या कोणत्या, काय कळणार? मग ढिगालाच मोजू."

काळीबायने मान तिरकी करून विचार केला. "ढिगाला मोजायला हरकत नाय," ती सावकाश म्हणाली. सुकीचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथे फार वेळ राहिला नाही.

"आणि माझं घर?" रूपी उठून उभी राहिली होती. रूपीची करवंटी शिगोशीग भरलेली होती. तान्ह्या पोराला कडेवर घेऊन ती काप करायला आली होती, तापातसुद्धा आली होती. या वर्षी तिला कुडाचं घर उभं करायचं होतं, भिंतींसाठी कारवीच्या काठ्या तोडून ठेवल्या होत्या आणि त्या करवंटीच्या भरवशावर ती आठ जणींची वाट पाहत होती. "मिसळलं म्हंजे माझे दिस गेले. सुकीला काय जातंय? तिची करवंटी बघा. तळ दिसतोय."

सगळ्यांनी बघितलं. खरंच तळ दिसत होता.

सुकीचा चेहरा उतरला. रात्री विचार करताना हे तिच्या मनातही आलं नव्हतं. नेमकं जिचं सर्वांत जास्त देणं, तीच म्हणत होती की पुसून टाकू. आपण दुसऱ्या कुणाच्या तोंडून हे ऐकलं असतं तर आपणही रूपीसारखंच म्हटलं असतं, हे तिला कळत होतं आणि त्यानेच जास्त लागलं.

"रूपी बरोबर बोलते," ती म्हणाली. "मॅडम, राहू द्या. नाय मिसळत."

मॅडमनी पिशवीतून एक जाडजूड वही काढली. "ही आमच्या कचेरीतली भेटींची वही. पुराव्याला लागेल म्हणून आणली होती." पानं उलटत त्यांनी बोट फिरवलं. "सुकीताईंच्या सह्या. मार्चपासून सत्तावीस. प्रत्येक वेळी बसने येणार, दिवस मोडणार. हे दिवस कुठल्या करवंटीत आहेत?"

काप केले नाहीत म्हणून सुकीने बी टाकली नव्हती, आणि तिने टाकली नाही म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"सत्तावीस येळा?" रूपीने विचारलं. "तिथं करायचीस तरी काय?"

"प्रश्न विचारायची," सुकी म्हणाली.

"फार विचारायच्या," अहिल्या मॅडम म्हणाल्या, आणि काळीबाय आधी हसली, मग सगळ्याच.

रूपी मात्र हसली नाही. ती आत गेली, काळीबायच्या चुलीजवळच्या टोपलीतून सुक्या बियांची मूठ भरून आणली आणि सुकीच्या करवंटीपुढे उकिडवी बसली. एक, दोन, तीन. तिने मोठ्याने मोजायला सुरुवात केली. काळीबायने तोंड उघडलं आणि मिटलं. बी करवंटीत पडल्याचा आवाज बारीक असतो, पण त्या अंगणात तो प्रत्येक वेळी ऐकू येत होता. सत्ताविसावी बी टाकून रूपीने सुकीची करवंटी उचलली, सुपात ओतली आणि त्या बियांवर आपली करवंटी रिती केली.

मग बाकीच्या सात.

ढीग दहा दहाने मोजला. पाचशे तेरा. मॅडमनी आकडा रकान्यात लिहिला, काळीबायचा अंगठा घेतला, सुकीची अठ्ठाविसावी सही घेतली आणि रिक्षात बसल्या. रिक्षा वळेपर्यंत सुकीने मनात वजाबाकी केलीच, ती खोड कुठे जाणार! पाचशे तेरातून सत्तावीस गेले तर चारशे शहाऐंशी. चौदा कमी पडले असते. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

मंजुरीचं पत्र डिसेंबरात आलं. त्याआधीच्या सोमवारी रूपीच्या घराचा कूड लिंपायला आठही जणी गेल्या, आणि सर्वांत आधी सुकी पोचली होती, शेणमातीचं घमेलं घेऊन.

"किती दिस येशील?" रूपीने विचारलं.

"घर होईपर्यंत," सुकी म्हणाली आणि तिने कारवीवर पहिला हात मारला.